गाडीत अँप्लिफायर बसवताय? आधी वायर आणि फ्यूजचं गणित समजून घ्या

मार्च २०१० मधली मुलुंडची एक घटना अनेकांना आठवत असेल. एक नवीकोरी टाटा नॅनो शोरूममधून घरी नेली जात असतानाच रस्त्यात पेटली. सुदैवाने गाडीतले सगळे वेळेत बाहेर पडले, पण जळालेल्या गाडीचे फोटो देशभर पोहोचले. नॅनोला आग लागण्याच्या आणखीही काही घटना त्या काळात समोर आल्या आणि कंपनीने चौकशी केली.

मे २०१० मध्ये कंपनीने चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. या घटनांमागची कारणं त्या-त्या गाडीपुरती आहेत, डिझाइनमध्ये दोष नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्या कारणांमध्ये दोन गोष्टींचा उल्लेख होता : गाडीत बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणं आणि एक्झॉस्टवर राहिलेली बाहेरची वस्तू. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने नॅनोच्या इलेक्ट्रिकल सिस्टीमला आणि एक्झॉस्टला जादा संरक्षण मोफत बसवून द्यायचं ठरवलं.

यातले 'बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणं' हे शब्द आजही महत्त्वाचे आहेत. बोरीवलीपासून अंधेरीपर्यंत गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजची दुकानं जागोजागी दिसतात. कुर्ल्याचा सीएसटी रोड तर त्यासाठीच ओळखला जातो. सीट कव्हर, कॅमेरा, एलईडी, आणि ज्यांना गाण्यांची हौस आहे त्यांच्यासाठी अँप्लिफायर आणि सबवूफर. यातला अँप्लिफायर हा सगळ्यात जास्त करंट खेचणारा पाहुणा. त्याची वायर आणि फ्यूज कसे निवडायचे, हे गणित सोपं आहे. सातवीतल्या मुलालाही जमेल इतकं. पण ते न करता 'ही वायर चालून जाईल' म्हणत काम उरकलं, तर काय होऊ शकतं, तेच या लेखात पाहूया.

१२ व्होल्टने काय होणार?

सगळा गैरसमज इथून सुरू होतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. दोन्ही टर्मिनलना हात लावला तरी साधारणपणे शॉक बसत नाही. त्यामुळे घरातल्या २३० व्होल्टची जी भीती वाटते, ती गाडीतल्या वायरची वाटत नाही.

पण वायर तापते ती करंटमुळे, म्हणजे अँपिअरमुळे. आणि वॅट तेवढेच ठेवून व्होल्टेज कमी केलं की अँपिअर वाढतात.

घरातला २००० वॅटचा गीझर घ्या. २३० व्होल्टवर तो साधारण ९ अँपिअर करंट घेतो. तेवढ्यासाठी आपण वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी लावतो. आता गाडीतला ५०० वॅटचा अँप्लिफायर घ्या. गीझरच्या चौथ्या हिश्शाची ताकद, पण १२ व्होल्टवर तो पूर्ण आवाजात ५० अँपिअरच्या आसपास करंट घेतो. म्हणजे गीझरच्या पाचपटीहून जास्त. आणि ही वायर जाते कुठून? सीटखालून, कार्पेटखालून, बसलेल्या माणसांच्या पायाखालून.

दुसरी गोष्ट शॉर्ट सर्किटची. इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटरला एका झटक्यात प्रचंड करंट लागतो, म्हणून गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर देण्यासाठीच बनवलेली असते. तिची पॉझिटिव्ह वायर कुठे घासून बॉडीच्या पत्र्याला टेकली, तर तेच शेकडो अँपिअर त्या वायरमधून धावतात. मध्ये फ्यूज नसेल तर काही सेकंदांत वायर लाल होते, प्लास्टिक पेटतं आणि शेजारचं कार्पेट त्याला साथ देतं.

आधी ठरवा, करंट किती लागणार

अँप्लिफायरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात '३००० वॅट' लिहिलेलं असतं. तो आकडा विसरा. तो 'मॅक्स' किंवा 'पीक' पॉवरचा असतो, जाहिरातीसाठी. आपल्याला हवा तो 'आरएमएस' वॅटचा आकडा, म्हणजे अँप्लिफायर सलग देऊ शकतो ती ताकद. तो माहितीपत्रकात बारीक अक्षरात मिळतो.

दुसरा मुद्दा कार्यक्षमतेचा. अँप्लिफायर जेवढी वीज घेतो, तेवढी सगळी स्पीकरला देत नाही. काही उष्णतेत जाते. 'क्लास डी' प्रकारचा अँप्लिफायर साधारण ८० टक्के वीज कामी लावतो. जुन्या धाटणीचा 'क्लास एबी' असेल तर ५० ते ६० टक्केच.

आता हिशेब :

५०० वॅट आरएमएस, क्लास डी. ५०० भागिले ०.८ म्हणजे ६२५ वॅट बॅटरीकडून घेतले जाणार. त्याला १२.५ व्होल्टने भागा. उत्तर ५० अँपिअर.

तोच ५०० वॅटचा अँप्लिफायर क्लास एबी असेल तर ५०० भागिले ०.५५ म्हणजे सुमारे ९०९ वॅट, आणि करंट जवळपास ७३ अँपिअर. स्पीकरला मिळणारी ताकद सारखीच, पण वायरवरचा भार जवळजवळ दीडपट.

माहितीपत्रक नसेल तर आणखी एक खूण आहे. अँप्लिफायरच्या मागे त्याचे स्वतःचे फ्यूज खोचलेले असतात. त्यांची बेरीज करा. ३० अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर तो जास्तीत जास्त ६० अँपिअरच्या आसपास घेईल असं धरा. खोक्यावर ३००० वॅट लिहिलंय आणि मागे ३० अँपिअरचा एकच फ्यूज आहे, तर खोक्यावरचा आकडा किती खरा, हेही तिथेच कळतं.

इथे एक दिलासा. तुम्ही फक्त कंपनीचे स्पीकर बदलून त्याच म्युझिक सिस्टीमवर नवीन लावत असाल, तर यातलं काहीच करायची गरज नाही. डॅशबोर्डमधली सिस्टीम खोक्यावर '४ गुणिले ५० वॅट' सांगत असली तरी प्रत्यक्षात दर स्पीकरला २० वॅटच्या आसपासच सलग देते आणि गाडीची मूळ वायरिंग तेवढ्यासाठी पुरेशी असते. वेगळा अँप्लिफायर आला की मात्र थेट बॅटरीपासून वेगळी वायर लागते.

गेज : आकडा लहान, वायर जाड

कार ऑडिओच्या वायरचं माप 'एडब्ल्यूजी', म्हणजे अमेरिकन वायर गेजमध्ये सांगतात. यातली गंमत अशी की आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. ८ गेजपेक्षा ४ गेज जाड. त्याहून जाड '१/०', ज्याला दुकानात झिरो गेज म्हणतात.

हे उलटं का? तार बनवताना तांब्याची सळई लहान-लहान होत जाणाऱ्या साच्यांतून ओढतात. जितक्या जास्त वेळा ओढली, तितकी बारीक झाली. गेजचे आकडे त्या क्रमाने वाढत गेले. ढोबळ नियम असा की ३ गेज खाली आलं की तारेचं क्षेत्रफळ दुप्पट होतं.

आपल्या इलेक्ट्रिशियनची भाषा मात्र 'स्क्वेअर एमएम'ची. म्हणून दोन्हींचा मेळ असा लावता येईल :

- १० गेज : साधारण ५.३ स्क्वेअर एमएम
- ८ गेज : साधारण ८.४ स्क्वेअर एमएम
- ४ गेज : साधारण २१ स्क्वेअर एमएम
- १/० गेज : साधारण ५३ स्क्वेअर एमएम

घरात पॉवर पॉइंटला सहसा २.५ किंवा ४ स्क्वेअर एमएमची वायर असते. म्हणजे घरातली 'जाड' वायरही गाडीतल्या मध्यम अँप्लिफायरसमोर बारीकच.

लांबीचा हिशेब कोणी करत नाही

वायर निवडताना फक्त करंट बघून चालत नाही, अंतरही बघावं लागतं. बहुतेक गाड्यांत बॅटरी बोनेटखाली आणि अँप्लिफायर डिकीत. वळणं धरून साध्या हॅचबॅकमध्येही ५ मीटर वायर लागते. त्यात अर्ध्या मीटरची अर्थिंगची वायर मिळवा. एकूण साडेपाच मीटर.

प्रत्येक वायरला थोडा रोध असतो. त्यामुळे वाटेत काही व्होल्ट खर्च होतात आणि त्याची उष्णता होते. आपल्या ५० अँपिअरच्या उदाहरणात, चांगल्या तांब्याच्या वायरसाठी, हा हिशेब असा येतो :

- घरगुती २.५ स्क्वेअर एमएम : सुमारे २ व्होल्ट वाया, वायरमध्ये जवळपास १०० वॅट उष्णता
- ८ गेज : सुमारे ०.५७ व्होल्ट वाया, २८ वॅट उष्णता
- ४ गेज : सुमारे ०.२२ व्होल्ट वाया, ११ वॅट उष्णता

१०० वॅट म्हणजे जुना पिवळा बल्ब. तो पेटल्यावर हाताला किती चटका बसायचा ते आठवा. तेवढी उष्णता कार्पेटखाली दाबलेल्या वायरमध्ये. आणि १२ व्होल्टमधले २ व्होल्ट वाटेतच गेले, तर अँप्लिफायरला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. बेस दबतो, आवाज फाटतो. मग मालक आवाज आणखी वाढवतो आणि वायर आणखी तापते.

गाण्याचा भार सतत पूर्ण नसतो, हे खरं. बीट पडते तेव्हा करंट वर जातो, मग खाली येतो. पण गणपतीला गावी निघालेली गाडी दहा-बारा तास रस्त्यावर असते, त्यातले निम्मे तास ट्रॅफिकमध्ये, आणि गाणी पूर्णवेळ सुरू. वायर निवडायची ती अशा दिवसासाठी.

साधा निष्कर्ष : डिकीत अँप्लिफायर असेल तर ३०-३५ अँपिअरपर्यंत ८ गेज पुरते. ५० ते १०० अँपिअरसाठी ४ गेज. त्यापुढे १/० गेज. दोन्हींच्या मध्ये अडलात, तर जाड वायर घ्या. वायर गरजेपेक्षा जाड असल्याने अँप्लिफायरचं काहीही बिघडत नाही. तो त्याला हवा तेवढाच करंट घेतो.

तांबं की तांब्याचा मुलामा?

ऑनलाइन साडेतीनशे-चारशे रुपयांत '४ गेज अँप्लिफायर किट' दिसतं तेव्हा दोन गोष्टी तपासा.

पहिली, आतली तार कशाची आहे? 'ओएफसी' म्हणजे शुद्ध तांबं. 'सीसीए' म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर. सीसीए बेकायदा नाही आणि फसवणूकही नाही, जर तसं सांगून विकलं असेल तर. पण त्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत तिचा रोध जवळपास दीडपट असतो. म्हणून सीसीए घ्यायची तर एक माप जाड घ्यावी लागते. तांब्याची ८ गेज पुरत असेल तिथे सीसीएची किमान ६, शक्यतो ४ गेज.

ओळखायची कशी? एका तारेवर ब्लेड घासा. आतून चंदेरी दिसली तर अ‍ॅल्युमिनियम. वजनावरूनही कळतं. तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. जाडजूड वायर हातात हलकी वाटली, तर समजून जा.

दुसरी गोष्ट, जाडी कशाची आहे? काही स्वस्त वायरवर प्लास्टिकचा थर इतका जाड असतो की बाहेरून ४ गेज दिसते आणि आत तार ८ गेजची निघते. विकत घेण्याआधी कापलेलं टोक बघा. मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक प्रश्न येतो. ओले बूट, छत्र्या, कधी रस्त्यावरचं पाणी, यामुळे कार्पेट आठवडेच्या आठवडे दमट राहतं. कापलेल्या टोकातून ओल शिरली की तार गंजते आणि मुलाम्याची वायर तांब्याच्या आधी खराब होते.

फ्यूज कोणाला वाचवतो?

हा प्रश्न विचारला की बहुतेक जण म्हणतात, अँप्लिफायरला. उत्तर चूक आहे. अँप्लिफायरसाठी त्याचे स्वतःचे फ्यूज त्याच्या अंगावर असतात. बॅटरीजवळचा मोठा फ्यूज वायरला वाचवतो, आणि वायरच्या निमित्ताने गाडीला आणि आतल्या माणसांना.

म्हणूनच तो कुठे बसवला, हे तो किती अँपिअरचा आहे याइतकंच महत्त्वाचं. समजा फ्यूज डिकीत, अँप्लिफायरच्या शेजारी लावला. आता इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकात, म्हणजे फायरवॉलमध्ये, वायर घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली. करंट बॅटरीतून निघाला आणि तिथूनच बॉडीत गेला. डिकीतल्या फ्यूजपर्यंत तो पोहोचलाच नाही, मग फ्यूज उडणार कसा? फ्यूज शाबूत आणि वायर पेटलेली.

म्हणून नियम असा की मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून १८ इंचांच्या, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला कोणाचंच संरक्षण नसतं.

फ्यूज किती अँपिअरचा?

इथे दोन मर्यादा आहेत. वरची मर्यादा वायर ठरवते, खालची अँप्लिफायर.

डिकीपर्यंतच्या चांगल्या तांब्याच्या वायरसाठी वरची मर्यादा साधारण अशी धरतात :

- १० गेज : ३० अँपिअर
- ८ गेज : ५० अँपिअर
- ४ गेज : १०० ते १२५ अँपिअर
- १/० गेज : २५० अँपिअर

सीसीए असेल तर यातून किमान एक तृतीयांश कमी करा.

आपल्या उदाहरणात अँप्लिफायर ५० अँपिअर घेतो आणि त्याच्या अंगावर ३० चे दोन फ्यूज आहेत. वायर ४ गेजची. मग मुख्य फ्यूज ६० किंवा ८० अँपिअरचा. १०० सुद्धा वायरला चालेल, पण गरज नाही. १५० नको. ८ गेज वायरवर ८० चा फ्यूज मात्र अजिबात नको, कारण तो उडण्याआधीच वायर वितळायला लागेल.

फ्यूज आपल्या आकड्यावर लगेच उडत नाही, हेही लक्षात ठेवा. ३० अँपिअरच्या पाती फ्यूजमधून ४० अँपिअर गेले तर तो सेकंदाच्या आत उडेल किंवा दहा मिनिटंही तग धरेल. म्हणून फ्यूजचा आकडा वायरच्या क्षमतेच्या अगदी टोकावर नेऊ नये.

पाती फ्यूज रंगावरून ओळखता येतात : १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. मोठ्या करंटसाठी 'एएनएल' किंवा 'मिनी एएनएल' फ्यूज येतो, जो दोन बोल्टखाली घट्ट कसला जातो. स्वस्त किटमध्ये काचेच्या नळीचा फ्यूज देतात. गाडीच्या हादऱ्यांनी त्याची पकड सैल होते आणि सैल जोड स्वतःच तापतो. तो टाळलेला बरा.

दोन अँप्लिफायर असतील तर डिकीत एक डिस्ट्रिब्युशन ब्लॉक लावून जाड वायरमधून दोन बारीक वायर काढतात. तिथेही तोच नियम : वायर जिथे बारीक होते, तिथे त्या बारीक वायरच्या क्षमतेचा वेगळा फ्यूज.

आणि सगळ्यात धोकादायक जुगाड म्हणजे फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा टाकणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणं. फ्यूज उडतोय म्हणजे तो तक्रार करतोय. कुठे वायर घासली, कुठे जोड सैल, कुठे सिस्टीम वायरपेक्षा मोठी. आधी ते शोधा.

अर्थिंग आणि वाट

करंट जितका जातो, तितकाच परत येतो. म्हणून निगेटिव्ह वायर पॉझिटिव्हच्याच गेजची हवी, शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत. ती बॉडीच्या पत्र्याला कसायची, पण आधी तिथला रंग खरवडून. रंगावर कसलेला बोल्ट म्हणजे अर्धवट जोड. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थिंग कधीही करू नका. तो बोल्ट अपघातात जीव वाचवण्यासाठी आहे, त्याला आणि त्याच्या पकडीला हात लावायचा नाही.

फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. नुसत्या पत्र्याच्या भोकाची कड सुरीसारखी असते आणि गाडी रोज थरथरते. सीटच्या रेलखालून वायर नेऊ नका. सीट पुढे-मागे होताना ती चिरडते. आणि पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने, ऑडिओ सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूने न्या, म्हणजे इंजिनसोबत चढणारी ती बारीक शिट्टी स्पीकरमध्ये येत नाही.

विम्याचं काय?

गाडीच्या विम्यात कंपनीने दिलेल्या वस्तू धरलेल्या असतात. बाहेरून बसवलेला अँप्लिफायर त्यात आपोआप येत नाही. त्यासाठी 'आयएमटी २४' नावाचं एंडोर्समेंट असतं. वस्तूची किंमत जाहीर करायची आणि त्यावर साधारण ४ टक्के जादा प्रीमियम भरायचा. वीस हजारांच्या सिस्टीमसाठी ते वर्षाला आठशे रुपये आणि वर कर. बिल जपून ठेवा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेस कापू देऊ नका. कापलेल्या वायरिंगवरून वॉरंटीचा वाद उभा राहू शकतो.

दुकानात विचारायचे सहा प्रश्न

१. अँप्लिफायर आरएमएस किती वॅटचा आणि कोणत्या क्लासचा?
२. वायर ओएफसी की सीसीए? टोक कापून दाखवा.
३. मुख्य फ्यूज किती अँपिअरचा आणि बॅटरीपासून किती अंतरावर?
४. फायरवॉलमध्ये ग्रोमेट लावणार का?
५. अर्थिंग कुठे करणार, रंग खरवडणार का?
६. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढणार का?

या सहा प्रश्नांची उत्तरं चांगला कारागीर न चिडता देतो. जो 'साहेब, टेन्शन नका घेऊ' एवढंच म्हणतो, त्याच्याकडे गाडी ठेवण्याआधी विचार करा.

सिस्टीम आधीच बसवलेली असेल तर आज एवढंच करा : बोनेट उघडा, बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून निघालेली जादा वायर शोधा आणि वीतभर, दोन वीत अंतरात फ्यूज दिसतो का बघा. नसेल तर तो बसेपर्यंत ती वायर बॅटरीवरून काढून ठेवा. अर्धा तास मोठ्या आवाजात गाणी वाजवल्यानंतर गाडी थांबवून वायरला आणि फ्यूजच्या खोक्याला बाहेरून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. आणि कधी गाडीत प्लास्टिक जळाल्याचा वास आलाच, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवून लांब उभं करा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा. धूर येत असेल तर बोनेट उघडायला जाऊ नका. आत हवा गेली की भडका उडतो.